सुंबा बेटावर : कापड, काकाकुवा आणि आमचा हिशोब

व्यापाऱ्याच्या पायाला भिंगरी असते असे म्हणतात. पण आम्हा कापडवाल्यांची भिंगरी सुरत, इरोड, इचलकरंजी आणि भिवंडी एवढ्याच रिंगणात फिरते. फार झाले तर दुबई. तिथेही दुकाने बघायची, भाव विचारायचा आणि परत यायचे. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर आम्ही इंडोनेशियातल्या सुंबा नावाच्या बेटावर पाखरे आणि गावे बघायला निघालो, हे ऐकून बाजारातले सोबती हसले. एकाने तर विचारले, "तिथे कोणता माल मिळतो?" आम्ही म्हटले, माल तर आम्ही आधीच विकून बसलो आहोत, आता त्याचे घर बघायला चाललो आहोत.

ही थट्टा नव्हती. काही वर्षांपूर्वी एका दलालाने आमच्याकडे चादरीचा एक नमुना आणला होता. विटकरी लाल आणि निळे पट्टे, त्यात समोरासमोर उभे घोडे, डोक्यावर तुरा असलेली पाखरे, आणि मध्ये फांद्या पसरलेले एक अजब झाड. "बाहेर ही डिझाईन फार चालते," असे त्याने सांगितले. आम्ही स्क्रीन करवून घेतले, पॉवरलूमच्या कापडावर छापले आणि 'बाली प्रिंट' या नावाने माल काढला. तीन हंगाम माल चांगला गेला. कोणी काही विचारले नाही, आम्हीही कोणाला काही विचारले नाही.

मग आमचा एक भाचा घरी आला. त्याला पाखरांचे फोटो काढायचा नाद आहे. त्याने चादर बघितली आणि म्हणाला, "मामू, हे बालीचे नाही. हे सुंबाचे आहे. आणि ते झाड म्हणजे झाड नाही, त्याच्यावर माणसांच्या कवट्या टांगलेल्या आहेत." ज्या चादरीवर लोकांची पोरे-बाळे झोपली, तिच्यावर आम्ही काय छापले हे आम्हालाच माहीत नव्हते. भाच्याला तिथली पाखरे बघायची होती, आम्हाला ते झाड. दोघेही निघालो.

बेट कुठे आहे

सुंबा हे बालीच्या पूर्वेला, फ्लोरेस बेटाच्या दक्षिणेला आहे. क्षेत्रफळ सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर. पूर्व नुसा तेंगारा या प्रांतात ते मोडते. इंडोनेशियातल्या गरीब प्रांतांपैकी हा एक. मुंबईहून बाली आणि बालीहून लहान विमानाने सव्वा-दीड तासात पूर्व सुंबाचे वायंगापू शहर, असा आमचा मार्ग होता. पश्चिम भागासाठी ताम्बोलाका येथे दुसरा विमानतळ आहे.

विमानातून खाली बघितले तर बाली-सारखी हिरवीगार भातशेती दिसत नाही. चुनखडीच्या टेकड्या, त्यांवर पिवळे गवत आणि गवतात चरणारे घोडे. एके काळी या बेटाला चंदनाचे बेट म्हणत. चंदन तोडून तोडून संपत आले. आता ते नाव 'सँडलवुड' या घोड्यांच्या जातीत तेवढे उरले आहे. एकोणिसाव्या शतकात अरब आणि एन्डे येथील मुस्लिम व्यापाऱ्यांनी वायंगापू बंदरातून घोड्यांचा व्यापार उभा केला. बंदराजवळ आजही अरबांची वस्ती आहे. खाण्यापिण्याची अडचण पडली नाही ती याच वस्तीमुळे.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, त्याचा तिथे अनपेक्षित फायदा झाला. 'कुर्सी', 'दुनिया', 'वक्तू', 'खबर' हे शब्द कानावर पडले की माणूस अर्धा घरी आल्यासारखा होतो. कसे आहात असे विचारायचे तर 'आपा काबार', म्हणजे काय खबर! हक्काला 'हाक' म्हणतात. हा शब्द पुढे आमच्याच अंगावर येणार होता.

जंगलात काय उरले आहे

पहिले दोन दिवस भाच्याचे. वायंगापूहून वायकाबुबाककडे जाणाऱ्या रस्त्यावर जंगलाचे पट्टे लागतात. बेटावर १९९८ साली दोन राष्ट्रीय उद्याने झाली, २०१६ मध्ये ती एकत्र करण्यात आली. पहाटे चारला उठून वाटाड्याबरोबर निघालो. आम्हाला वाटले होते वाघ-हत्ती नाही तरी मोठी जनावरे तरी दिसतील. वाटाड्या हसला. आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८५९ च्या सुमारास दाखवून दिले होते की बाली आणि लोम्बोक यांच्यामधून एक रेषा जाते. रेषेच्या अलीकडे वाघ-हत्तींचा आशिया, पलीकडे काकाकुव्यांची, ऑस्ट्रेलियाच्या बाजूची दुनिया सुरू होते. सुंबा त्या रेषेच्या पलीकडे आहे. 'काकाकुवा' हा आपला शब्दही मलाय भाषेतल्या 'काकातुवा'चाच नातलग.

उंबराच्या जातीच्या एका मोठ्या झाडासमोर तीन तास बसलो. प्रथम पंखांचा आवाज आला, कोणी जाड सुती कापड झटकावे तसा. मग सुंबाचा धनेश फांदीवर उतरला. आपल्या कोकणातल्या धनेशाचाच हा भाऊबंद, पण ही जात जगात फक्त या एका बेटावर आहे. हा पक्षी उंच, जुन्या झाडाच्या ढोलीत घर करतो. मादी आत बसते, ढोलीचे तोंड लिंपून घेतले जाते, आणि पिल्ले मोठी होईपर्यंत नर एका फटीतून दाणापाणी पुरवतो. म्हणजे एक जुने झाड तोडले की एका कुटुंबाचा धंदा बसलाच.

काकाकुव्याला मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबावे लागले. पांढरा, डोक्यावर नारिंगी तुरा. दोन दिसले. मोजून दोन. ही जातही सुंबाशिवाय कुठे नाही, आणि आज ती नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या पक्ष्यांत मोजली जाते. कारण विचारले तर कारण व्यापार. १९८० च्या दशकात पिंजऱ्यासाठी हे पक्षी मोठ्या प्रमाणावर पकडून बाहेर पाठवले गेले. जंगलतोड आणि गवताला दर वर्षी लावली जाणारी आग यांनी उरलेली ढोली हिरावली. २००५ पासून आंतरराष्ट्रीय कराराने याच्या व्यापारावर पूर्ण बंदी आहे. पण ढोलीतला पक्षी दोन-चार महिन्यांत तयार होणारा माल नव्हे. बंदीला वीस वर्षे झाली तरी तोटा भरून आलेला नाही.

परतताना भाचा गप्प होता. मग म्हणाला, "मामू, आपल्या एका चादरीवर किती काकाकुवे होते?" आम्ही मोजले नव्हते. बारा तरी असतील.

कापड कसे होते

तिसऱ्या दिवसापासून आमचे काम. वायंगापूच्या लगत प्रायलिऊ, पूर्वेला मेलोलोजवळ पाऊ आणि उमाबारा, पुढे रेंडे, आणखी दूर कालिउडा, ही विणकरांची नावाजलेली गावे. मध्ये उंच छपरांची घरे, समोर दगडी थडगी. थडगे म्हणजे कित्येक टन वजनाची शिळा. पूर्वी ती माणसांनी दोरखंड लावून ओढून आणायची. इथल्या मूळ श्रद्धेला 'मारापू' म्हणतात, पूर्वजांशी नाते ठेवणारी. आज बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत, पण लग्न आणि मयत यांचे रिवाज बरेचसे मारापूचेच चालतात.

गावात गेल्यावर आधी पानसुपारी. नाही म्हणायचे नसते. फरक एवढाच की तिथे विड्याचे पान नव्हे, त्या वेलीचे लांबट फळ सुपारी आणि चुन्याबरोबर चघळतात.

पुरुषाच्या कापडाला 'हिंग्गी' म्हणतात. जोडीने वापरतात, एक कमरेला, एक खांद्यावर. बाईच्या कापडाला 'लाऊ'. हिंग्गीचे तंत्र आमच्या कारागीर बंधूंना लगेच समजेल. ताण्याचे सूत चौकटीवर ताणायचे, जिथे रंग नको तिथे ताडाच्या पानाच्या पट्टीने घट्ट बांधायचे, रंगात बुडवायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे, दुसऱ्या रंगात बुडवायचे. नक्षी विणण्याआधीच सुतावर तयार असते. मग कमरेला पट्टा बांधून मागावर विणायचे. बाणा ताण्याखाली लपून जातो. दोन पाट विणून मध्ये शिवले की एक हिंग्गी होते.

रंगाचे गणित तर ऐकण्यासारखे. निळा निळीच्या पानांचा, तो पावसाळ्यात, पाला ताजा असताना. लाल 'कोम्बू'च्या मुळांच्या सालीचा, तो कोरड्या दिवसांत. कोम्बू म्हणजे आपण ज्याला आल किंवा बारतोंडी म्हणतो तेच झाड. लाल चढावा म्हणून सुताला आधी केमिरी नावाच्या तेलकट बियांचा लेप देतात, आणि रंगात 'लोबा' घालतात. लोबा हे आपल्या लोध्राच्या कुळातले. आमच्या लहानपणी म्हातारे रंगरेज आल आणि लोध यांची नावे घेत. जर्मनीत १८६९ च्या सुमारास रासायनिक अॅलिझरिन निघाले आणि काही वर्षांत आपल्याकडची आलची शेती उठली. जे आपण आजोबांच्या तोंडून ऐकले ते तिथे एका परसात मडक्यात शिजत होते. लोबा डोंगरावरच्या दमट जंगलात वाढते. म्हणजे जिथे धनेश राहतो तिथूनच कापडाचा लाल रंग येतो. जंगल गेले की दोन्ही गेले.

एक चांगली हिंग्गी व्हायला कित्येक महिने लागतात, कधी दोन-तीन वर्षे. आम्हाला एका जुन्या घराण्याच्या घरी नैसर्गिक रंगाच्या हिंग्गीचा भाव ४५ लाख रुपिया सांगितला. घाबरू नका, त्या दिवशीच्या दराने आपले साधारण चोवीस हजार रुपये. वायंगापूच्या बाजारात अगदी तशीच दिसणारी हिंग्गी ३ लाख रुपियाला मिळत होती, म्हणजे सोळाशे रुपये. ती सुंबाची नसते. जावा बेटावर जेपाराजवळ त्रोसो नावाचे विणकरांचे गाव आहे, तिथे सुंबाची नक्षी रासायनिक रंगात, हातमागावर झपाट्याने विणली जाते. त्रोसोचा विणकरही पोटासाठीच विणतो, त्याला आम्ही काय बोलणार? आमची चादर तर त्याच्याही एक पायरी खाली होती. त्याने निदान विणली होती.

चादरीचा तुकडा

आम्ही पिशवीत त्या चादरीचा हातभर तुकडा नेला होता. काढावा की नाही, दोन दिवस विचार केला. शेवटी एका घरी काढला. घरची वडीलधारी बाई राजघराण्यातली. अशा बाईला तिथे 'राम्बू' म्हणून हाक मारतात, पुरुषाला 'उम्बू'. तिचा मुलगा दुभाष्या झाला.

राम्बूने तुकडा हातात घेतला आणि आधी उलटा केला. कापडाची माहिती असलेला माणूस हेच करतो. पाठ फिकी, पांढरट. हिंग्गीला पाठ नसते, दोन्ही बाजू सारख्या. मग तिने बोटाने एक एक चित्र दाखवायला सुरुवात केली. मगर आणि कासव राजाचे. घोडा इभ्रतीचा. कोळंबी कात टाकून पुन्हा जगते म्हणून मरणानंतरच्या जगण्याची खूण. काकाकुवा थव्याने बसून आवाज करतो, म्हणून तो पंचायतीचा, सर्वांनी मिळून ठरवण्याचा. आणि ते झाड 'आंडुंग'. जुन्या काळी लढाईत मारलेल्या शत्रूंची मुंडकी गावाच्या मध्यभागी त्यावर टांगत.

हिंग्गीत चित्रे दोन्ही टोकांकडून मधल्या पट्ट्याकडे येतात, एक बाजू दुसरीच्या आरशासारखी. आमच्या छपाईवाल्याने जागा वाचवण्यासाठी सगळी एकाच दिशेला लावली होती. राम्बूने विचारले, "हे कोणासाठी आहे?" त्यांच्याकडे मयताला अशा कापडांत गुंडाळतात, घराणे मोठे असेल तर थरावर थर. कापड बघून पूर्वज आपला माणूस ओळखतात अशी समजूत आहे. "हे बघून कोणी ओळखणार नाही," ती म्हणाली.

आम्ही सांगितले, "हे पलंगासाठी आहे."

ती मनापासून हसली. रागावली असती तर बरे झाले असते. तिचा मुलगा हसला नाही. त्याने विचारले, "याच्यावर आमचे नाव कुठे आहे?" आम्ही खरे सांगितले, की बालीचे नाव घातले होते. तो म्हणाला, "बनवण्याऱ्याचा हाक असतो." नक्कल करण्याच्या हक्काला त्यांच्या कायद्यात 'हाक चिप्ता' म्हणतात.

पाटोळ्याची गोष्ट

व्यापारी माणूस सहजी हार मानत नाही. त्यांनी एक जुनी हिंग्गी दाखवली, तिच्या मधल्या पट्ट्यात जाळीदार फुलांची नक्षी होती. बघताच ओळखली. हा गुजरातचा पाटोळा! पाटणचा पाटोळा रेशमी असतो आणि त्यात ताणा व बाणा दोन्ही बांधून रंगवतात. ते विणणारे साळवी मुळात आपल्या जालन्याहून बाराव्या शतकात राजा कुमारपालाच्या काळी पाटणला गेले, असे परंपरा सांगते. सतराव्या-अठराव्या शतकांत सुरतेतून हे कापड मसाल्याच्या बदल्यात या बेटांवर जाई. डच कंपनी ते राजांना नजराणा म्हणून देई. राजांनी ते खजिन्यात जपले आणि त्यांच्या विणकर बायकांनी नक्षी उचलून सुती हिंग्गीत बसवली. डच नाण्यांवरचा सिंह आणि चिनी रांजणांवरचा ड्रॅगनही असेच हिंग्गीत आले.

आम्हाला वाटले, सुटलो. म्हटले, "उम्बू, तुम्हीही तर आमच्याकडून उचलले."

तो म्हणाला, "घेतले. या नक्षीचे नाव माहीत आहे? पाटोला रातू." रातू म्हणजे राजा किंवा धर्मातला मोठा माणूस. "पूर्वी ती फक्त राजाला शोभायची. तीनशे वर्षे झाली, नाव पाटोलाच आहे. आम्ही ते बदलले नाही."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी आपली नक्षी घेतली ती वर्षानुवर्षे हाताने विणून, सर्वांत मानाच्या जागी ठेवून, आणि नावासकट. आम्ही त्यांची घेतली ती दोन दिवसांत छापून, नाव पुसून.

परत आल्यावरचा हिशोब

व्यापारी बंधूंनो, येवल्याच्या पैठणीची नक्कल यंत्रावर निघाली की आपण ओरडतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी भलतीकडची चादर सोलापुरी म्हणून विकली जाते, याची तक्रार करतो. हिमरूच्या कारागिराचा नातू आज दुसरा धंदा करतो याचे दुःख मानतो. हे दुःख खरे आहे. पण दुसऱ्याच्या हुनरावर आपण हेच करत असू, तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

आम्ही ती स्क्रीन बंद केली. मुलगा म्हणाला, "अब्बा, आपण थांबलो तर दुसरा छापेल." त्याचे म्हणणे खरे ठरले. दोन महिन्यांत तीच डिझाईन शेजारच्या गाळ्यात लागली, आणि आमचे दोन जुने ग्राहक तिकडे गेले. आम्ही येताना चार हिंग्गी आणल्या. प्रत्येकीला चिठ्ठी लावली : बेट, गाव, रंग कशाचा, विणायला किती काळ लागला. दोन विकल्या, दोन अजून दुकानात आहेत. प्रवासखर्च धरला तर नफा नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. पण चिठ्ठी वाचायला ग्राहक थांबतो, हे आम्ही पहिल्यांदा बघितले. आता आमच्या हातमागाच्या मालालाही तशीच चिठ्ठी लावतो.

कोणी जाणार असेल तर

मे ते ऑक्टोबर कोरडा हंगाम, फिरायला सोयीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिम सुंबात घोडेस्वारांचा 'पासोला' होतो, तेव्हा गर्दी आणि पाऊस दोन्ही असते. खाण्याचे यजमानाला आधी सांगून ठेवावे. मयताच्या कार्यात डुकरे आणि म्हशी कापल्या जातात. आम्ही गावांत भात, भाजी आणि मासळीवर राहिलो, कोणी वाईट मानले नाही. फोटोआधी विचारावे, थडग्यावर बसू नये.

कापड घेताना उलटून बघावे. खऱ्या हिंग्गीच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, नक्षीची कड ताण्याच्या दिशेने किंचित पिसारलेली असते, मधला जोड शिवलेला असतो. शक्यतो विणणाऱ्याच्या दारातच घ्यावे आणि घासाघीस आपल्या मंडईसारखी करू नये. कोणी घराण्याचे जुने कापड गुपचूप विकायला आणले तर घेऊ नये. पक्ष्याचे पीस, कासवाची पाठ, प्रवाळ यांना हात लावू नये. कस्टममध्ये अडकाल ते वेगळेच.

राम्बूने तो चादरीचा तुकडा परत दिला नाही. घडी करून ठेवून घेतला. कशासाठी, ते आम्ही विचारले नाही.